उकड गरम लागेना तेव्हा

गणपतीच्या आदल्या रात्री आमच्या घरात कोणी झोपत नाही. मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहते आणि घरूनच पोळी-भाजीच्या ऑर्डरी घेते. रोजच्या शंभर-सव्वाशे पोळ्या, आणि गणपतीत उकडीचे मोदक. त्या वर्षी तीनशेच्या वर मोदक द्यायचे होते.

उकड निवायच्या आत मळावी लागते. निवली की तडकते, पारीला चिरा जातात. म्हणून आधी वाटीच्या बुडाने रगडायची, मग हात गार पाण्यात बुडवून बुडवून मळायची. एवढं करूनही तळवे लाल होतात. त्या रात्री मी घाईत वाटी बाजूला सारली आणि वाफाळत्या परातीत सरळ डावा हात घातला. धाकटी जाऊ ओरडलीच, "अहो ताई, भाजेल!" मी म्हटलं, "सवय झालीय गं." आणि मला खरंच काही लागत नव्हतं. पिठाचा मऊपणा कळत होता, एखादी राहिलेली गुठळी बोटाला कळत होती, तुपाचा निसरडेपणा कळत होता. फक्त गरम कळत नव्हतं.

पहाटे भांडी घासायला बसले तेव्हा दिसलं. करंगळीच्या खाली, तळव्याच्या कडेला, लिंबाएवढा फोड आला होता. घासणी लागून तो फुटला, पाणी आलं, साबण आत गेला. तरी दुखलं नाही.

आणखी एक गोष्ट त्याच रात्रीची. माझ्या मोदकांच्या कळ्या बारीक आणि सारख्या पडतात म्हणून लोक मुद्दाम माझ्याकडून मोदक नेतात. त्या रात्री डाव्या चिमटीत पारी धरवेना. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर नीट टेकत नव्हतं. शेवटी कळ्या जावेने पाडल्या, मी नुसतं सारण भरत बसले.

फोडाला हळद-तूप लावलं आणि विसरून गेले. पुढच्या तीन महिन्यांत डॉक्टरांकडे कितीतरी वेळा गेले, पण हा फोड कोणालाच सांगितला नाही. इतकी वर्षं तव्यापाशी काढल्यावर हात राठ होणारच, त्यात सांगायचं काय, असं वाटायचं. मी ज्याला राठ समजत होते तो हात राठ नव्हता. मधले तीन महिने वाया गेले ते त्यामुळे. हे लिहायला बसले तेही त्यासाठीच.

खरं तर सुरुवात त्याच्याही दीड वर्ष आधी झाली होती. लाल मिरचीची फोडणी पडली की घरात सगळ्यांनाच ठसका लागतो. मला ठसका लागला की डोक्याच्या मागे, मान जिथे सुरू होते तिथे, कोणीतरी घण घातल्यासारखी कळ यायची. दहा-पंधरा सेकंद डोळ्यांपुढे अंधारी, मग हळूहळू ओसरायची. शिंक आली, जोरात हसले, गॅसचा सिलिंडर उचलला, शौचाला जोर करावा लागला, की तीच कळ. एरवी डोकं अगदी स्वच्छ. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले सायनस असेल. त्यांच्या गोळ्या घेतल्या. मग चष्म्याचा नंबर बदलला. सासूबाई सुंठीचा लेप लावायच्या, कपाळाला. पण दुखायचं कपाळ नव्हतं, दुखायची मान आणि डोकं यांची सांध, आणि तीही फक्त खोकल्या-शिंकेच्या क्षणी. आता वाटतं, हे एक वाक्य मी तसंच्या तसं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी प्रत्येक ठिकाणी एवढंच म्हणत राहिले, "डोकं दुखतं."

चिमटीचं गणपतीनंतर वाढलं. चिमट्यातून तवा सुटायला लागला, ब्लाउजचे हुक लागेनात. हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला. पाचव्या-सहाव्या मणक्यातलं अंतर जरा कमी झालेलं दिसलं. स्पॉन्डिलायटिस, म्हणाले. चाळिशीत बऱ्याच बायकांच्या एक्स-रेमध्ये असं दिसतं हे मला नंतर कळलं. फिजिओथेरपी लिहून दिली आणि मी एका सेंटरमध्ये जाऊ लागले. तिथे हनुवटीखाली पट्टा बांधून मानेला वजनाने ताण द्यायचे.

तिसऱ्या दिवशी ताण चालू असतानाच दोन्ही पायांत मुंग्या आल्या. उठून उभी राहिले तर पाय काठीसारखे ताठ. रिक्षापर्यंत मिस्टरांनी धरून नेलं. मुंग्या संध्याकाळपर्यंत गेल्या, पण चाल पहिल्यासारखी झालीच नाही. त्या लोकांनी वाईट हेतूने काही केलं नाही हे मला कळतं. पण हातातली ताकद जाते आहे, स्नायू आटतो आहे, अशा माणसाची मान ओढायच्या आधी एमआरआय व्हायलाच हवा होता, हे माझं ठाम मत आहे आणि मी ते भेटेल त्याला सांगते.

त्यानंतर ठाणे स्टेशनचा पूल उतरणं अवघड झालं. चढताना काही नाही. उतरताना खाली बघितलं की पायऱ्या थरथरायच्या, वर सरकत असल्यासारख्या दिसायच्या. मी कठडा धरून, समोर बघत, पायाने पायरी चाचपत उतरायची. मागून येणारी गर्दी खेकसायची. जेवताना पाण्याचा घोट चुकून नाकात यायला लागला. आवाज संध्याकाळपर्यंत बसायचा. याला आम्ही ॲसिडिटी म्हणालो. प्रत्येक दुखण्याला वेगळं नाव होतं, वेगळा डॉक्टर होता, वेगळी गोळी होती.

न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं ते शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच. मी खुर्चीतून उठून दारापर्यंत गेले तेवढ्यात त्यांनी माझी चाल बघितली आणि परत बोलावून चिठ्ठी लिहिली.

नौपाड्यातल्या त्या न्यूरॉलॉजिस्टच्या दवाखान्यातला पाऊण तास मला मिनिटामिनिटाने आठवतो. त्यांनी आधी गोळ्या-रिपोर्ट काही बघितले नाहीत. म्हणाले, "सगळ्यात पहिल्यांदा काय झालं ते सांगा." मग तपासायला घेतलं. हातोडीने गुडघ्यावर मारलं तर पाय उडालाच. डाव्या हाताच्या कोपरावर मारलं तर काहीच नाही. तळपायाला किल्लीने रेघ ओढली तर अंगठा वर गेला. मान न हलवता खाली आणि बाजूला बघायला सांगितलं, आणि टॉर्च धरून बराच वेळ माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले. बुबुळं खालच्या बाजूला ठेका धरल्यासारखी उडत होती म्हणे. पुलाच्या पायऱ्या थरथरायच्या त्या यामुळेच. कवटी आणि मान जिथे जुळते तिथे दोष असला की डोळे अशा खालच्या झटक्याने उडण्याची शक्यता खूप असते, हे त्यांनी तेव्हाच मिस्टरांना सांगितलं.

मग माझे दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावले. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या मधला मांसल उंचवटा, जो उजव्या हाताला टच्च होता, तो डाव्या हाताला बसून खळगा झाला होता. रोज त्याच हाताने कणीक तिंबत होते मी. मला तो खळगा दिसला नव्हता.

कापसाचा बोळा फिरवला. सगळीकडे कळला. मग टाचणी. डाव्या हाताला ती टाचणी आहे हेच कळेना, कोणीतरी बोट टेकवतंय असं वाटलं. मग त्यांनी असिस्टंटला काचेच्या दोन नळ्या भरून आणायला सांगितल्या, एक गीझरच्या पाण्याची, एक फ्रीजच्या. डोळे मिटायला लावले. "गरम की गार?" उजव्या हाताला बरोबर सांगितलं. डाव्या हाताला एक टेकवली, दुसरी टेकवली. दोन्ही वेळा मला कळत होती ती काच. गुळगुळीत, गोल काच. मी गप्प बसले.

"हाताला भाजलं आणि तुम्हाला कळलंच नाही, असं कधी झालंय का?"

मला एकदम रडू आलं. परात, वाफ, जाऊ, फोड, सगळं मी तेव्हा सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग टाचणी घेऊन कुठून कुठपर्यंत कळत नाही त्याची पेनाने रेघ मारत गेले. डावा अख्खा हात, मानेच्या मुळापासून बोटांपर्यंत. पुढे छातीचा वरचा भाग, मागे पाठीचा, आणि उजव्या खांद्यावरूनही थोडं. खांद्यावर शाल घ्यावी तसा आकार. ते म्हणाले, "ताई, हा स्पॉन्डिलायटिस नाही. एमआरआय करू, पण नुसत्या मानेचा नको. मेंदू आणि पूर्ण मणका."

पाचपाखाडीत एमआरआय केला. डोक्याभोवती पिंजरा, कानात कापूस, पाऊण तासाच्या वर ठकठक. त्या नळकांड्यात माझी एकच भीती होती, खोकला येईल ही.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, किआरी मालफॉर्मेशन टाइप १, टॉन्सिल १२ मिलिमीटर खाली, आणि मानेच्या तिसऱ्या मणक्यापासून पाठीच्या चौथ्या मणक्यापर्यंत सिरिंक्स. टॉन्सिल म्हटल्यावर सासूबाईंना वाटलं घशातल्या गाठी. घरात मलाही तेच वाटलं होतं. तसं नाही. लहान मेंदूच्या तळाशी दोन बारीक लोंबते भाग असतात, त्यांनाही टॉन्सिल म्हणतात. कवटीच्या बुडाला एक मोठं भोक असतं, त्यातून मज्जारज्जू खाली पाठीच्या कण्यात उतरतो. ते टॉन्सिल त्या भोकाच्या वर राहायला हवेत. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त खाली उतरले तर साधारणपणे किआरी म्हणतात. हान्स किआरी नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी प्रागमध्ये काम करताना १८९१ साली त्याचं वर्णन केलं. तेव्हा एमआरआय कुठला, शवविच्छेदनात बघून. कित्येक लोकांचे टॉन्सिल असे उतरलेले असतात आणि त्यांना जन्मभर काहीही होत नाही, हेही डॉक्टरांनी आवर्जून सांगितलं. दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या एमआरआयमध्ये हा शब्द दिसला म्हणून कोणी घाबरून जाऊ नये.

माझ्या बाबतीत काय झालं होतं ते मी माझ्या शब्दांत सांगते. मेंदूभोवतीचं पाणी आणि कण्यातलं पाणी एकच, प्रत्येक ठोक्याला ते त्या भोकातून खाली-वर होतं. तिथे टॉन्सिल बसले, मोरीच्या जाळीवर बोळा बसावा तसे. खोकल्याने दाब एकदम वाढतो, आणि पाण्याला जायला वाट नसते. ती घणाची कळ म्हणजे हेच. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की मज्जारज्जूच्या आतच पाण्याची पोकळी तयार होऊ शकते. ती पोकळी म्हणजे सिरिंक्स. आता गंमत नाही, पण शरीराची रचना अशी आहे की दुखणं आणि गरम-गार यांचे तंतू मज्जारज्जूच्या मधोमध एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात, नेमके त्या पोकळीच्या समोरून. ते आधी तुटतात. साध्या स्पर्शाचे तंतू मागच्या बाजूने सरळ वर जातात, ते शाबूत राहतात. म्हणून मला पिठाचा मऊपणा कळत होता आणि उकळती वाफ कळत नव्हती. हे ऐकल्यावर मी बराच वेळ नुसती माझ्या हाताकडे बघत बसले.

मानेचा सीटी स्कॅनही केला, आणि मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे. दुसऱ्या मणक्याला वर दातासारखा सुळका असतो. काहींमध्ये तो कवटीच्या भोकात वर शिरतो आणि मेंदूच्या देठालाच टोचतो, त्याला बॅसिलर इन्व्हॅजिनेशन म्हणतात. काहींचा पहिला मणका कवटीला जन्मतःच चिकटलेला असतो. काहींचे पहिले दोन मणके एकमेकांवरून सरकतात. आखूड मान, केस मानेवर खूप खालपर्यंत उतरलेले, अशी खूण अशा काही माणसांत दिसते. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी माझा अंबाडा वर उचलून बघितला होता तो त्यासाठी. माझ्यात यातलं काही निघालं नाही.

ऑपरेशनसाठी दोन मतं घेतली. ठाण्यातल्या सर्जननी सांगितलं, कवटीच्या मागचं थोडं हाड आणि पहिल्या मणक्याची मागची कमान काढून जागा मोकळी करायची. दुसऱ्या सर्जननी मणके स्क्रूने जोडण्याचा मुद्दा काढला. मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलात असताना न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी पहिला आणि दुसरा मणका पट्टी-स्क्रूने जोडायची पद्धत १९९४ साली लाहेरी यांच्यासोबत प्रसिद्ध केली. परळला विकसित झालेली ती पद्धत आज जगभर वापरतात. पुढे गोयल यांनी असंही मत मांडलं की किआरीच्या मुळाशी या दोन मणक्यांतली अस्थिरताच असते, म्हणून ते जोडावेत. सगळ्या सर्जनना हे मान्य नाही. आम्ही दोघं पोळ्या लाटणारी आणि वर्कशॉपमध्ये काम करणारी माणसं, आम्ही कसं ठरवणार? शेवटी मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला, "माझ्या एक्स-रेमध्ये मणके सरकलेले दिसतात का?" दोघांनीही नाही म्हटलं. मग जागा मोकळी करण्याचं ऑपरेशन ठरलं. माझ्यापुरता तो निर्णय होता. दुसऱ्याच्या हाडांची गोष्ट वेगळी असू शकते.

आमचं केशरी रेशनकार्ड आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्रांनी कागद तपासले, फोटो काढला, मंजुरीला पाठवले. मंजुरी आली तेव्हा मिस्टर तिथल्याच बाकावर डोकं धरून बसले. मंगळसूत्र सोडून बाकीचं मोडायची तयारी आम्ही मनाने केलेली होती.

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. आदल्या रात्री मागचे केस काढले. सर्जननी धोके स्पष्ट सांगितले होते, जखमेतून पाणी गळणं, मेंदूज्वर, गिळायचा त्रास वाढणं, क्वचित त्याहून वाईट. आणि हेही सांगितलं की हे ऑपरेशन पुढचं बिघडणं थांबवण्यासाठी आहे, गेलेलं परत येईल असं धरून चालू नका. हे वाक्य त्या वेळी फार लागलं. नंतर त्याच वाक्याने धीर दिला.

चार तास लागले. पालथं झोपवून, डोकं क्लॅम्पमध्ये पक्कं धरून, मागचं हाड काढलं. मेंदूवरचं जाड आवरण उघडून, कवटीवरच्याच पातळ पडद्याचा तुकडा तिथे ठिगळासारखा शिवला, म्हणजे पाण्याला ऐसपैस जागा मिळाली. शुद्ध आली तेव्हा मानेत एवढं दुखत होतं की उशीवर डोकं टेकवेना, आणि उलट्या. दुसऱ्या दिवशी उलटीबरोबर खोकला आला. मी सवयीने दोन्ही हातांनी मागचं डोकं धरायला गेले, आणि ती कळ आली नाही. टाके दुखले, मान दुखली, पण घण पडला नाही. सिस्टरांना वाटलं मी दुखण्याने रडतेय.

दहा दिवसांनी टाके काढले. घरी उशी रोज हात फिरवून बघायची, ओली लागते का म्हणून. डाव्या हाताला गार कळत नाही, तेव्हा उजव्यानेच. तीन महिने वजन उचलायचं नव्हतं. पोळ्यांच्या ऑर्डरी जावेने सांभाळल्या. पाण्याचा घोट नाकात येणं महिन्याभरात थांबलं. पुलाच्या पायऱ्या अजून कधीकधी हलतात, दमलेली असले की जास्त. चिमूट थोडी सुधारली, खळगा आहे तसाच आहे. मालिश, मानेला झटका, ताण, हे आता जन्मभर बंद. दाताच्या डॉक्टरांकडे गेले तरी आधी मानेचं सांगते.

ऑगस्टमध्ये परत एमआरआय झाला. पोकळी निम्म्याहून बारीक झाली होती. न्यूरॉलॉजिस्टनी पुन्हा त्या दोन नळ्या आणल्या. हाताला अजून काच ती काचच. मग त्यांनी नळी बोटांपासून वर वर सरकवत नेली, आणि दंडावर मी डोळे मिटूनच म्हटलं, "गरम." डिसेंबरात ही रेघ पार मानेच्या मुळाशी होती.

तेव्हापासून दर रविवारी अंघोळीच्या वेळी मी स्वतःच बघते. कोमट पाण्याचा तांब्या, आधी उजव्या हाताने खात्री करून, मग डाव्या मनगटावरून वर ओतत जायचं. लहानपणच्या बीसीजीच्या लसीचा गोल वण आहे ना दंडावर, सुरुवातीला पाणी कोमट लागायला लागायचं ते बरोबर त्याच्याशी. मागच्या रविवारी त्याच्या खाली दोन बोटं लागलं. मी परत ओतून बघितलं. दोन बोटंच.